नोंदीबाहेरचे पक्षकार



‘कायदा आणि समाजातील परस्परविरोधी हिते’ हा विषय संयोजकांनी दिला, तेव्हा सोबत एक अटही घातली. उदाहरणे इथलीच द्या, म्हणाले. अट मी आनंदाने मान्य केली. निगडीपासून चाकणपर्यंतच्या या टापूत गेल्या सत्तर वर्षांत जमीन, पाणी, मजुरी आणि घर या चारही गोष्टींवरून माणसे एकमेकांसमोर उभी ठाकली आहेत, आणि दर वेळी कुणीतरी म्हणाले आहे की आता काय तो निवाडा कायदाच करील. कायद्याने तो कसा केला, कुणाचे ऐकून केला आणि कुणाचे म्हणणे त्याच्या कानावरच गेले नाही, एवढेच मला आज सांगायचे आहे.

कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला रॉस्को पाउंडचे नाव पाठ असते. हा अमेरिकन गृहस्थ मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. नेब्रास्कातल्या झाडाझुडपांचा अभ्यास करून त्याने डॉक्टरेट मिळवली, वकिलीही केली आणि 1916 ते 1936 अशी वीस वर्षे हार्वर्डच्या विधी विद्यालयाचा अधिष्ठाता राहिला. त्याचे म्हणणे असे: समाजात माणसे आपापल्या मागण्या घेऊन उभी असतात. काही मागण्या एकट्यादुकट्याच्या, काही सरकारच्या, काही साऱ्या समाजाच्या. कायद्याने त्यांची वर्गवारी करावी, त्या तोलून पाहाव्यात आणि कमीत कमी नासाडीत जास्तीत जास्त मागण्या भागवाव्यात. याला तो सामाजिक अभियांत्रिकी म्हणे. इंजिनिअरांच्या आपल्या पिंपरी-चिंचवड शहराला ही कल्पना आवडावी अशीच आहे, आणि ती चुकीची आहे असे माझे म्हणणे नाही. पण एक गोष्ट पाउंडसाहेबांनी फार सहज धरून चालवली. वनस्पतिशास्त्रज्ञ स्वतः रानात जातो, चिखल तुडवतो, जे झाड कुणी पाहिले नाही तेही टिपून आणतो. न्यायाधीश रानात जात नाही. त्याच्यापुढे जो कागद येईल तेवढेच त्याचे रान.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. आपल्या भागात हितांचा तोल न्यायालयात फारसा बिघडत नाही. तो त्याच्या पुष्कळ आधी ठरून गेलेला असतो: तलाठ्याच्या दफ्तरात, कारखान्याच्या टाइम ऑफिसात, नगररचना खात्याच्या नकाशावर. तिथे ज्याचे नाव लागले त्याचे हित तराजूत पडते. ज्याचे लागले नाही, तो कितीही खरा असला तरी बाहेर उभा राहतो, आणि पुढे कधीतरी दगड हातात घेतो किंवा गोळी खातो.

आधी चांगले उदाहरण घेतो, कारण कायद्याला नुसती नावे ठेवायला मी आलेलो नाही. 1954 साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती, भांडवल सरकारचे होते, आणि पेनिसिलिन देशातच बनावे, गरिबाला परवडावे हा हेतू होता. यापेक्षा मोठे सार्वजनिक हित ते कोणते? पुढे कामगारांनी पगारवाढ मागितली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कंपनीची बाजू थोडक्यात अशी, की हा नफेखोर शेठजींचा कारखाना नाही, राष्ट्राचा आहे, तेव्हा खासगी कारखान्यांचे मोजमाप इथे लावू नये. युक्तिवाद वजनदार होता. एका बाजूला स्वस्त औषधाची वाट पाहणारा सारा देश, दुसऱ्या बाजूला काही कामगार. सरन्यायाधीश के. सुब्बाराव यांच्या न्यायालयाने तो मानला नाही. मालक सरकार असो वा खासगी, मजुरी ठरवण्याची तत्त्वे तीच राहतील. तोच उद्योग आणि तोच प्रदेश पाहून वेतन ठरेल, असा निकाल झाला. 1967 च्या विधी अहवालांत तो छापलेला आहे आणि कामगार कायद्याच्या वर्गात अजून शिकवला जातो. पिंपरीचे नाव देशभरच्या वकिलांनी पहिल्यांदा वाचले असेल ते बहुधा अशाच एखाद्या निकालात.

या निकालाचा पाया आधीच घातला गेला होता. साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी क्राउन अ‍ॅल्युमिनियमच्या खटल्यात सांगून टाकले होते, की जो उद्योग कामगाराला जगण्यापुरती किमान मजुरीही देऊ शकत नाही, त्याला चालण्याचा हक्कच नाही. तोल साधायचा म्हणजे दर वेळी दोघांना अर्धेअर्धे द्यायचे, असा आपल्याकडे एक समज आहे. गजेंद्रगडकरांचा तो समज नव्हता. एका रेषेच्या खाली तोलण्याचा प्रश्नच येत नाही, हे त्यांनी आधी ठरवले आणि मग त्या रेषेच्या वर तराजू धरला.

आता नीट पाहा, पेनिसिलिन कारखान्याचा कामगार जिंकला तो कशामुळे? न्यायमूर्ती उदार होते हे खरेच. पण त्याआधी तो मस्टरवर होता. त्याची संघटना नोंदलेली होती. तो कोणाचा नोकर, हा प्रश्न कुणाला पडलेलाच नव्हता. कंपनी म्हणत होती की इतका पगार देता येणार नाही. हा माणूस आमचा नाही, असे ती म्हणत नव्हती.

तेथून थेट चाकणला या. महाळुंगे, निघोजे, कुरुळी या भागात सकाळी कंपनीच्या बसमधून उतरणारी पोरे पाहिली, तर कोण पर्मनंट, कोण ट्रेनी आणि कोण ठेकेदाराचा, हे कळत नाही. गणवेश सारखा, मशीन सारखे, सुटे भागही तेच. फरक गळ्यातल्या कार्डाच्या रंगात असतो. विदर्भ, मराठवाडा, बिहार, उत्तर प्रदेश, कुठकुठून ही मुले आयटीआय, डिप्लोमा करून आली आहेत. सहासात महिने झाले की ब्रेक. मग पुन्हा दुसऱ्या गेटवर, दुसऱ्या ठेकेदाराकडे. सात महिनेच का, हे इथल्या पोराला कायद्याचे पुस्तक न उघडता ठाऊक असते. औद्योगिक विवाद कायद्यात आणि महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत 240 दिवसांचा हिशेब होता. वर्षात सलग तेवढे दिवस भरले की तात्पुरत्या कामगाराचा कायम होण्याचा हक्क सुरू होत असे. माणसाला कायम करावे म्हणून लिहिलेले कलम माणसाला केव्हा काढावे याचे कॅलेंडर बनले. 1984 च्या दुरुस्तीने त्यात आणखी सोय केली: ठरावीक मुदतीचा करार मुदत भरल्यावर संपला, तर ती कपात मानायची नाही.

ठेकेदाराच्या कामगाराने तक्रार करायची तर कुठे? महाराष्ट्रात 1971 चा कायदा आहे, अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा. देशात असे कायदे फार कमी राज्यांनी केले आणि महाराष्ट्राला त्याचा अभिमान असावा. पण 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या कल्याणी स्टील्सच्या कँटीन कामगारांच्या प्रकरणात, आणि त्याच सुमारास सिप्लाच्या प्रकरणात, एक दार बंद केले. मालक-नोकर हे नातेच वादात असेल तर या कायद्याखाली तक्रार चालणार नाही. आधी औद्योगिक न्यायाधिकरणापुढे जाऊन आपण कंपनीचे कामगार आहोत हे सिद्ध करा, मग इकडे या. कायद्याच्या अक्षराला धरून हा निकाल टिकतो, हे मी मान्य करतो. तरीही माझ्या मते तो चुकला. ज्याची तक्रारच ही आहे की माझे नाव मुद्दाम दुसऱ्याच्या वहीत घातले आहे, त्याला आपण सांगितले की आधी वही दुरुस्त करून आण. आणि ते करायला आठ-दहा वर्षे गेली, तर सात महिन्यांच्या नोकरीवर आलेला मुलगा तोवर कोणत्या गावाला असेल?

इथे दुसरी बाजू मांडली नाही तर हे व्याख्यान एकतर्फी होईल. भोसरीच्या लघुउद्योजकाकडे जाऊन बसा. वीस-पंचवीस माणसे, चार सीएनसी, दोन प्रेस, बँकेचे कर्ज. मोठी कंपनी त्याला भाव देते, तो घेतो. दर वर्षी भाव थोडा कमी करून मागते, तोही देतो. पैसे तीन महिन्यांनी येतात, कधी चार. ऑर्डर अर्ध्यावर आली तर माणसे कशी सांभाळायची? त्याचा प्रश्न खोटा नाही. पण आपल्या कायद्याची गंमत पाहा. कामगार आणि हा छोटा मालक, दोघांनाच तो समोरासमोर उभे करतो, एकाचे सोडवायचे तर दुसऱ्याच्या गळ्याशी येते. ज्याच्या वेळापत्रकावर आणि भावावर दोघेही नाचतात, तो त्या खटल्यात पक्षकार नसतो. त्याचे नाव फक्त डिलिव्हरी चलनावर असते.

21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, हे चांगले झाले. नेमणूकपत्र सक्तीचे, हे तर फारच चांगले. माझ्या आजच्या मुद्द्याला धरूनच आहे. मात्र स्थायी आदेशांसाठी आता 300 कामगारांची अट आली. महाराष्ट्रात ती तोवर 50 ची होती. भोसरी, तळवडे, चाकणच्या बहुसंख्य शेडमध्ये तीनशे माणसे कधी नव्हती आणि होणारही नाहीत. म्हणजे एका हाताने नाव लिहिले आणि दुसऱ्या हाताने, त्या नावाला काय मिळेल हे सांगणारे पान काढून घेतले.

तळवड्याचा उल्लेख आला म्हणून एक सांगून पुढे जातो. 8 डिसेंबर 2023. वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या-मेणबत्त्या बनवणारी एक शेड पेटली. सहा जणांचा तिथेच अंत झाला, मृतांत बहुतेक बायका; नंतरच्या दिवसांत रुग्णालयांतून हा आकडा वाढत गेला. त्या जागेला परवानगी नव्हती. कारखाना निरीक्षकाला, अग्निशमन दलाला तो कारखाना कागदावर माहीतच नव्हता. तेव्हा लागू असलेला 1948 चा कारखाने कायदा उत्तम कायदा होता. संकटकाळी बाहेर पडायचा मार्ग किती रुंद हवा, दार कोणत्या बाजूला उघडावे, हेही त्याच्याखालच्या नियमांत लिहिले होते.

आता जमीन. इथे इतिहास जरा मागून घ्यावा लागतो, कारण आपल्या शेजारच्या मुळशीत हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी येऊन गेला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, टाटा कंपनीला नीळा-मुळेच्या संगमावर धरण बांधायचे होते, आणि सरकारने 1894 चा भूसंपादन कायदा एका खासगी कंपनीसाठी वापरला. 1921 च्या रामनवमीला मावळे सत्याग्रहाला बसले. सेनापती बापटांचे नाव त्यामुळे घरोघरी गेले. हे सारे शाळेत शिकलेले असते. शाळेत न शिकवलेला भाग राजेंद्र व्होरा यांनी आपल्या अभ्यासात दाखवला आहे. मुळशी पेट्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होत्या आणि कसणारी होती कुळे. चळवळीच्या दबावाने मोबदला वाढला तेव्हा नावावाल्यांनी तडजोड केली. वाढीव मोबदला ज्याचे नाव त्याला मिळाला. कुळाचे घरही गेले आणि भातखाचरही. जमीनधारकाचे हित आणि मुंबईच्या विजेचे हित यांचा तोल कायद्याने तेव्हा साधला म्हणायचे, पण कूळ त्या तराजूत कधी पडलेच नाही.

नोंदीचे सामर्थ्य उलट दिशेनेही पाहता येते. 1948 चा कूळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 रोजी, कृषकदिनी, ज्याचे नाव सातबाऱ्यावर कूळ म्हणून लागले होते तो कायद्याने मालक मानला गेला. ज्याचे नाव त्याआधी गोडीगुलाबीने किंवा दमदाटीने कमी केले गेले, तो मजूरच राहिला. एका ओळीचा फरक, आणि पुढच्या तीन पिढ्या वेगळ्या. हवेली आणि खेड तालुक्यांतल्या जुन्या माणसांना याची उदाहरणे विचारा, ती संपणार नाहीत.

14 मार्च 1972 रोजी पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. कामगारांना रास्त दरात घरे मिळावीत हा त्याचा हेतू होता आणि तो चांगलाच होता. आकुर्डी, निगडी, वाकड, थेरगाव, रहाटणी, भोसरी अशा गावांच्या जमिनी त्यासाठी गेल्या. तिकडे 1984 च्या जानेवारीत उरणजवळ जासईला, नवी मुंबईसाठी जमिनी घेण्याविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने दोन दिवसांत पाच शेतकरी गेले, आणि त्यातून पुढे नवी मुंबईत साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले. मग पिंपरीत प्रश्न उठला की आमचे काय? 1984 नंतर ज्यांची जमीन गेली ते धोरणात बसले. 1972 ते 1983 मध्ये ज्यांची गेली ते तारखेच्या अलीकडे राहिले. त्यांच्या परताव्याची भांडणे प्राधिकरणापेक्षा दीर्घायुषी ठरली. 2021 साली प्राधिकरणच विलीन झाले, मागणी चालूच राहिली. जमीन तीच, गाव तेच, भाऊभाऊ दोन बाजूंना. निवाड्याची तारीख कोणती, एवढ्यावर एकाचे हित मान्य झाले आणि दुसऱ्याचे वर्षानुवर्षे अर्जात राहिले.

हेच गावकरी पुढे काय करतात? उरलेली जमीन गुंठ्यागुंठ्याने विकतात. घेणारा असतो कारखान्यातला कामगार, कारण प्राधिकरणाची घरे त्याच्या वाट्याला येत नाहीत. विनापरवाना घर उभे राहते. महापालिका त्याला नळ देते, घरपट्टी आकारते आणि वर 2008 पासून शास्तीकरही लावत होती, म्हणजे तुझे घर बेकायदा आहे म्हणून दुप्पट भर. मार्च 2023 मध्ये सरकारने तो माफ केला तेव्हा फटाके वाजले. कर-आकारणीच्या वहीत घर आहे, बांधकाम परवान्याच्या वहीत नाही. दोन्ही वह्या एकाच इमारतीत. घरपट्टीची पावती म्हणजे घर कायदेशीर, असा समज लोकांनी करून घेतला याचे मला आश्चर्य वाटत नाही. तो समज दूर करण्याची कुणी घाईही केली नाही.

त्या समजाची किंमत चिखलीत कळली. इंद्रायणीच्या काठी, पूररेषेच्या आत, 36 बंगले उभे राहिले होते. राहणाऱ्यांनी भूखंडाचे पैसे मोजले होते, घरात देवघर होते, शाळेत जाणारी मुले होती. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठापुढे गेले. 2024 च्या जुलैत लवादाने बांधकामे पाडण्याचा आणि 5 कोटी रुपये पर्यावरणीय भरपाईचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही, आणि 17 मे 2025 रोजी महापालिकेच्या यंत्रांनी ती घरे पाडली. त्या दिवशी अनेकांनी मला विचारले, नदी मोठी की माणूस? प्रश्न तसा नाहीच. पाटबंधारे खाते पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची पातळी धरून निळी रेषा आखते आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा. या पट्ट्यात नदीचे नाव कोणत्याही सातबाऱ्यावर मालक म्हणून नाही, तिला वकीलपत्र देता येत नाही. निळी रेषा हीच तिची नोंद. ती नोंद होती म्हणून नदी जिंकली. निकाल बरोबर होता असे मी म्हणेन, आणि लगेच पुढे विचारीन की ती रेषा नकाशावर असताना भूखंड विकणाऱ्याला, दस्त नोंदवणाऱ्याला, वीज जोडणाऱ्याला ती का दिसली नाही? घर घेणारा कुटुंबाची पुंजी घेऊन शेवटी आला आणि सगळी किंमत त्यानेच दिली. उपनिबंधकाच्या कार्यालयात दस्तासोबत पूररेषेचा दाखला मागितला असता, तर लवादापुढे तोल साधायची वेळच आली नसती.

शेवटी पवना. हा विषय इथे काढला की सभागृहाचे दोन भाग होतात हे मला ठाऊक आहे, तरी काढतो.

पवना धरणाचे पाणी नदीत सोडले जाते, ते सुमारे 35 किलोमीटर वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते, तिथून उपसून निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात जाते आणि मग आपल्या नळाला येते. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 17 लाखांच्या वर होती; आता ती कुठे गेली हे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारावे. 2019 च्या नोव्हेंबरपासून शहराला एक दिवसाआड पाणी आहे. आंद्रा आणि भामा-आसखेड धरणांतून 267 दशलक्ष लिटरचा कोटा मंजूर झाला, तोही खेड आणि मावळच्याच पाण्यातून. शहराची बाजू अशी: नदीतून पाणी आणले तर वाटेत सांडपाणी मिसळते, बाष्पीभवन होते, गळती होते, म्हणून धरणापासून निगडीपर्यंत बंद जलवाहिनी टाकू. केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेतून तिला पैसे मिळाले. अभियंत्याच्या हिशेबात यात काही चुकीचे नाही.

बेबडओहोळ, थुगाव, सोमाटणे, गहुंजे इथल्या शेतकऱ्याचा हिशेब वेगळा. शहर ज्याला गळती म्हणते ते पाणी त्याच्या विहिरीत उतरते. नदी वाहती आहे म्हणून काठावर त्याची मोटार आहे. धरणात आईबापांची जमीन आधीच गेली, त्यांतल्या कित्येकांचे पुनर्वसन राहिलेच, आता नदीही नळात गेली तर? कुणी त्याला सांगत होते की नदीत पाणी सोडले जाईलच. किती, कोणत्या महिन्यात, आणि सोडले नाही तर दाद कुठे मागायची, हे कागदावर कुणी सांगत नव्हते.

आणि हा विरोध पेटला त्या 2011 साली कायद्याच्या पातळीवर काय चालले होते ते पाहा. महाराष्ट्राने 2005 साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला होता. शेती, उद्योग आणि पिण्याचे पाणी यांत वाटप कसे करायचे, हे एका स्वतंत्र यंत्रणेने लोकांचे ऐकून ठरवावे, ही त्यामागची कल्पना. पाउंडला आवडली असती. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, 2011 साली, विधिमंडळाने दुरुस्ती करून तो वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे नेला आणि आधी झालेली वाटपेही वैध ठरवली. पाणी मागणाऱ्या सगळ्यांचे म्हणणे मांडण्याची जी एक जागा होती, ती अशी गेली. चार महिन्यांनी, 9 ऑगस्टला, क्रांतिदिनी, बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तिघांचा जीव गेला, त्यांत एक बाई होती. पुढे चौकशी आयोग, स्थगिती, आरोप-प्रत्यारोप. बारा वर्षे काम बंद राहिले. 2023 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने स्थगिती उठवली.

या बारा वर्षांत शहर तहानलेले राहिले आणि मावळचा शेतकरी धास्तीत राहिला. दोघांचेही नुकसान झाले. त्याला कुणी तोल म्हणू नये. जलवाहिनी हवी की नको, यावर मी इथे मतदान घेणार नाही. माझे वैयक्तिक मत, शहराने आधी स्वतःच्या वाहिन्यांची गळती थांबवावी आणि वापरलेले पाणी शुद्ध करून कारखान्यांना द्यावे. पण ते बाजूला ठेवू. कायद्याचा माणूस म्हणून माझी मागणी त्याच्या अलीकडची आहे. धरणापासून रावेतपर्यंत काठावर किती उपसा परवाने आहेत, किती मोटारी परवान्याविना चालतात आणि किती विहिरी नदीवर जगतात, याची गाववार यादी जलसंपदा खात्याने प्रसिद्ध करावी आणि ग्रामसभांत वाचून दाखवावी. जलवाहिनी झाली तरी नदीत बारा महिने किमान किती पाणी सोडले जाईल, हा आकडा अधिसूचनेत छापावा आणि तो मोडला तर कोणाकडे दाद मागायची ते त्याच अधिसूचनेत लिहावे. आश्वासन भाषणात दिलेले असेल तर न्यायालयात त्याचा उपयोग नाही.

सभागृहात तरुण वकील पुष्कळ दिसतात. पिंपरीच्या न्यायालयात आणि शिवाजीनगरला तुमची कामे चालूच राहतील. त्यातून महिन्यातला एक शनिवार काढा आणि पवनेच्या काठावरच्या एखाद्या गावात किंवा महाळुंग्याच्या कामगार वस्तीत बसा. कुणाकडे नेमणूकपत्र नसेल तर अर्ज लिहून द्या, कुणाच्या विहिरीची नोंद सातबाऱ्यावर नसेल तर तलाठ्याकडे सोबत जा. फी मिळणार नाही. जलवाहिनीचे काम पुन्हा सुरू होण्याआधी हे झाले पाहिजे, आणि वेळ फार नाही.